तिसऱ्या पट्टीवरचं भोक

अप्पा, तुमची गाडी सापडली असं धाकट्याचं म्हणणं आहे. मालाडच्या एका जुन्या गाड्यांच्या दलालाकडे ती पडून होती, आणि त्याने मला न विचारता ती घेऊनही टाकली. फोनवर त्याचा आवाज इतका आनंदी होता की मला लगेच संशय आला. तुम्हाला सांगते, बत्तीस वर्षं मी विमा कंपनीत क्लेम तपासले. माणूस फार आनंदात किंवा फार दुःखात बोलायला लागला की मी त्याचे कागद दुसऱ्यांदा वाचायचे. ती सवय रिटायर झाल्यावरही गेलेली नाही.

मी त्याला पहिलाच प्रश्न विचारला, "ही गाडी पूर्वी काच वाहायची हे तो दलाल आधी बोलला, की तू आधी बोललास?"  तो म्हणाला, "मीच बोललो असेन. पण ताई, रंग खरवडला तर खाली निळा आहे गं." त्या काळात तसल्या निम्म्या पिकअप निळ्याच होत्या, हे मी त्याला सांगितलं. नंबर बदललेला, जुने कागद आपण मरोळची खोली सोडली तेव्हाच हरवलेले. आईने गाडी कुणाला विकली हे तिलाही नंतर आठवत नव्हतं. म्हणजे पुरावा काहीच नाही. धाकटा म्हणाला, "तुला अप्पा आठवतात. मला अप्पा नाही आठवत, मला गाडीतली फळी आठवते. खाली गरम लाकूड, आणि त्यावर मी बसलोय." तुम्ही गेलात तेव्हा तो चार वर्षांचा होता. 

दलालाच्या आधी कुणीतरी हौद्यात लोखंडी पत्रा ठोकला होता. धाकट्याला तो काढून तुम्ही बसवल्या होत्या तशा लाकडी फळ्या बसवायच्या होत्या. तेव्हा मला ते भोक आठवलं. तुम्हाला आठवतं का? काचेच्या गोदामामागची मोकळी जागा, रविवार, तुम्ही बनियनवर. पत्र्यावर काच हादरते, कडेने तडा जातो, म्हणून गोदामाच्या शेठच्या मागे लागून तुम्ही सागाच्या फळ्या मिळवल्या होत्या. मी तेरा वर्षांची. फळी आडव्या लोखंडी पट्टीवर ठेवायची, भोकाची खूण मी खडूने करायची, आणि तुम्ही ड्रिल चालवायचं. दोन फळ्यांमध्ये तुम्ही काडेपेटीची काडी उभी धरताय, पावसात लाकूड फुगतं म्हणून. मी बडबडतेय, शाळेतल्या कुठल्यातरी बाईंची नक्कल करतेय. केबिनकडून तिसऱ्या पट्टीवर, डाव्या हाताला, माझी खूण दोन बोटं चुकली. लोखंडाला आरपार भोक पडल्यावर तुमच्या लक्षात आलं, आणि शेजारी दुसरं पाडावं लागलं. तुम्ही ओरडला नाहीत. "हातात खडू असला की तोंड बंद," एवढंच म्हणालात आणि दुपारभर माझ्याशी बोलला नाहीत. संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळायला पाना मात्र माझ्या हातात दिलात.

मी धाकट्याला म्हटलं, फळ्या बदलतात, पट्टी बदलत नाही. तिथे दोन भोकं शेजारी-शेजारी असली तर गाडी आपली, नसली तर तुला फसवलंय. तो लगेच तयार झाला. त्याला खात्रीच होती.

काम मरोळलाच एका शेडमध्ये काढलं. धाकटा एसी बसवण्याची कामं घेतो, राहतो मुलुंडला, त्यामुळे दिवसभर लक्ष ठेवायला मीच जोगेश्वरीहून जायचे. मिस्त्री मालवणकडचे, माझ्याच वयाचे, कमी बोलणारे. मी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून त्यांच्या हाताकडे बघत राहायचे. आलेली फळी खरंच सागाची आहे ना, मधेच एखादी हलकी तर सरकवली नाही, म्हणून मी प्रत्येक फळीला नख लावलं, वास घेतला. ते बघत होते. शेवटी रंधा थांबवून म्हणाले, "ताई, तुमी पोलिसात होत्यात काय?" मला लाज वाटली, पण उठले नाही.

तिसऱ्या दिवशी पत्रा निघाला. मी साडी खोचून गाडीखाली गेले. या वयात उताणं झोपून सरकायचं म्हणजे पाठीची वाट लागली, पण दुसऱ्या कुणाच्या डोळ्यांवर माझा भरवसा नव्हता. टॉर्च मारला. पहिली पट्टी, दुसरी, तिसरी. डाव्या हाताला एकच भोक. मिस्त्रींना बोलावलं. कुणी वेल्डिंगने बुजवलं असेल म्हणून त्यांना गंज घासायला लावला. त्यांनी बराच वेळ घासलं. "भरलेला भोक घासल्यार दिसता. हय काय नाय," ते म्हणाले. चौथी पट्टी पाहिली, उजवी बाजू पाहिली. मीच चुकत असेन, अशी स्वतःवरही शंका घेऊन झाली. नव्हतं, अप्पा. ती तुमची गाडी नव्हती.

खरं तर मला बरं वाटायला हवं होतं. माझं म्हणणं बरोबर निघालं होतं. तेवढ्यात धाकट्याचा फोन आला. "पत्रा निघाला ना? भोक दिसलं?" मी म्हटलं, "अजून बघतेय." तो म्हणाला, "मी निघालोय, अर्ध्या तासात पोचतो. मी येईपर्यंत फळ्या नका लावू, मला हात लावून बघायचंय." मग जरा थांबून म्हणाला, "ताई, आज सकाळपासून नीट जेवलोसुद्धा नाहीये."

मी फोन ठेवला आणि खडू मागितला. पुन्हा खाली सरकले आणि तिसऱ्या पट्टीवर, असलेल्या भोकापासून दोन बोटं सोडून खूण केली. मिस्त्रींना म्हटलं, "इथे एक भोक मारा." ते वाकून माझ्याकडे बघत राहिले. "ह्यां कित्याक? हय बोल्ट नाय येवचो." मी म्हटलं, "माहीत आहे. मारा." त्यांनी आणखी काही विचारलं नाही. ड्रिल चालू झालं. मी ग्रीस आणि माती कालवून त्या भोकाच्या कडेला माझ्या हाताने चोपडली. आयुष्यभर लोकांचे खोटे कागद पकडले, त्यामुळे जुनं कसं दाखवायचं हे मला चांगलं ठाऊक होतं.

धाकटा आला तो थेट गाडीखाली गेला. त्याचे फक्त पाय बाहेर दिसत होते.  मिस्त्री उगाच फळी पुसत उभे. मग खालून आवाज आला, "केवढं बाजूला मारलंयत गं!" आणि तो हसायला लागला. बाहेर आला तेव्हा डोळे लाल होते. त्याने कधी नव्हे तो माझ्या खांद्यावर हात टाकला. त्याच्या शर्टाच्या बाहीवर लोखंडाचा एक कीस अडकला होता, बारीक, वळलेला, नवाकोरा चकचकीत. मी तो उचलला आणि मुठीत धरला. तो माझ्या मुठीकडे बघत होता.

हा माणूस रोज भिंतींना आणि लोखंडाला भोकं पाडतो, अप्पा. ताजं भोक त्याला कळलं नसेल? ग्रीसखालचं लोखंड चमकलं नसेल? मी असते तर तो क्लेम पाच मिनिटांत फेटाळला असता. मला दाट संशय आहे की त्याला सगळं कळलं आणि माझ्यासाठी तो गप्प राहिला. मिस्त्रींना त्याने नंतर काही विचारलं का, हेही मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. इतक्या वर्षांत तपास अर्धवट सोडण्याची ही माझी पहिलीच वेळ.

फळ्या छान बसल्या. त्यांना अळशीचं तेल पाजलं, रंग मधासारखा आला. गाडी आता मुलुंडला त्याच्या सोसायटीत उभी असते आणि तो तिला अप्पांची गाडी म्हणतो. गेल्या रविवारी आम्ही दोघं हौद्यात बसून चहा प्यायलो. ऊन लागून लाकूड गरम झालं होतं. त्याने विचारलं, "अप्पा कसे होते गं?" मी बोलत राहिले. काही घडलेलं सांगितलं, दोन गोष्टी रचून सांगितल्या. दुसऱ्या गोष्टीला तो मोठ्याने हसला, तेव्हा मी म्हटलं, अगदी अप्पांसारखा हसतोस.

हे पत्र त्याच्या हाती लागू नये म्हणून मी ते फाडणार आहे. पण आधी तुम्हाला सांगते: तुमचं हसणं मला आठवत नाही.