सातव्या मजल्यावरच्या गाईविषयी

मरोळ, मंगळवार

तीर्थरूप काशीरामदादांच्या चरणी धाकट्या सुबोधचा साष्टांग नमस्कार.

तुमची कंबर कशी आहे? वहिनींचा खोकला? तांबू दूध देते ना? इथे आम्ही सगळे मजेत आहोत (म्हणजे घाटकोपरला शुभाच्या माहेरी, चौघं एका खोलीत). नव्या घरात का नाही, ते सांगतो. तुम्हीच बजावलं होतं, "गाईने उंबरा ओलांडून नैवेद्य खाल्ल्याशिवाय त्या घरात पाठ टेकायची नाही." नाही टेकली.

देवळासमोर गाय घेऊन बसणाऱ्या मालनबाईंना सांगून गाय आणली. सामानाच्या लिफ्टमधून शहाण्यासारखी सातव्या मजल्यावर आली, खूर आत टाकला आणि लाळेच्या तारा सोडत हॉलमध्ये उभी राहिली. सासूबाई म्हणाल्या, पुरणपोळीचा वास लागलाय बिचारीला. झालं! सगळे पोळ्या घेऊन धावले. गाय तोंड फिरवी. देवव्रत गुरुजींनी मंत्र पुन्हा पहिल्यापासून धरले, शुभाने तूप वाढवलं, शेजाऱ्यांनी ढोकळा देऊन बघितला. दीड तास! मी गोठ्यात वाढलेला माणूस, पण माझ्याही डोक्यात आलं नाही, लाज वाटते दादा. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टर अपूर्वा (एरवी कुत्र्या-मांजरांच्या) आल्या. जबडा उघडला तर जिभेवर फोड, हिरड्या सोललेल्या. लाळ्या खुरकूत! विषाणूचा रोग, इतर गुरांना झपाट्याने लागतो, म्हणून बरी होईपर्यंत गाय जागेवरून हलवायची नाही. सरकारी डॉक्टरही येऊन तेच सांगून गेले.

जागा म्हणजे आमचा हॉल. मालनबाई सोबतीला बेडरूममध्ये (एसीचा त्यांना त्रास होतो, पण सांभाळून घेतात). ऑफिसआधी मी जाऊन गाईचं तोंड औषधाच्या पाण्याने धुतो, जिभेला मलम लावतो, शुभा मऊ पेज भरवते. माझ्या आजारपणात एवढी पेज कधी झाली नव्हती. सोसायटीने पाळीव प्राण्यांचा फॉर्म पाठवलाय, त्यात गळपट्ट्याचा रंग विचारलाय.

तर काळजी नसावी. सवडीने या. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
सुबोध

ता. क. : पत्र टाकायचं राहूनच गेलं. पंधरा दिवसांनी काल गाय बरी झाली. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, डॉक्टरांनी न्यायला परवानगी दिली. पण ती जायलाच तयार नाही. उंबऱ्यात आडवी बसलीय. मालनबाई आत, आम्ही जिन्यात. सवडीचं वर उगाच लिहिलं. तुमच्या मिहिरच्या मोबाइलवर या पत्राचा फोटो पाठवतोय, आजच्या गाडीने निघा. गुरं तुमची हाक ऐकतात, माझी नाही.

ता. क. २ : तांबूला लस दिली नसेल तर देऊन घ्या. परत गेल्यावर कपडे-चपला धुवून, आंघोळ करून चार दिवस गोठ्याकडे फिरकू नका.

ता. क. ३ : तुम्ही म्हणाला होता, गाय आपल्या पायांनी आत आली की लक्ष्मी त्या घरातून हलत नाही. नाही हलत, दादा.