बीड राखणाऱ्यांचं दूध

बाबा, मी आता एका दूध कंपनीत आहे. काम कागदांचं. ज्या गावाचं दूध घ्यायचं, तिथल्या गुरांपायी नैसर्गिक गवताळ रान संपत नाही ना, हे मी तपासतो. तुम्ही गुरांचे डॉक्टर, तुम्हाला हे ऐकून हसू आलं असतं.

तुम्ही मला मोटरसायकलवर मागे बसवून इंदूरबाहेरच्या ज्या गावी न्यायचात, तिथे या ऑगस्टात गेलो होतो. गावाचं राखीव गवताचं रान, ज्याला तिथे बीड म्हणतात, अजून आहे. लहानपणी पक्षी बघायला मी त्यात धावलो, तेव्हा तुम्ही दंड धरून मला बाहेर काढलंत. "गावची ढोरंसुद्धा दिवाळीपर्यंत बाहेर थांबतात. तू कोण मोठा?" गवताचं बी गळेपर्यंत बीड बंद, मग कापणी, मग गुरं आत. ती रीत गावाने मोडलेली नाही. शेजारच्या गावाने मात्र आपलं बीड केव्हाच नांगरून मका लावला आहे आणि गुरं गोठ्यात बांधली आहेत.

आमच्या फॉर्मवर एकच प्रश्न आहे: जनावरं नैसर्गिक गवताळ रानात चरतात का? शेजारचं गाव 'नाही' लिहून पास झालं. ज्यांनी रान राखलं, त्यांचं उत्तर 'हो', म्हणजे खरेदी बंद.

दूध संकलन केंद्र चालवणाऱ्या म्हाताऱ्या बाईंनी मला चहा दिला. डॉक्टरसाबचा मुलगा चिखलात बूट सांभाळत चालतो म्हणून हसल्या. फॉर्मचं सांगितल्यावर मात्र म्हणाल्या, "भिया, दूध नहीं बिकेगा तो बीड़ कौन रखेगा? सब जोत देंगे."

मी म्हटलं, वर कळवतो. इंदूरला आपल्या सुदामा नगरच्या घरी बसून दीड पानाचं टिपण लिहिलं: चराई कधी होते, किती दिवस होते, रान कशामुळे टिकलं. फॉर्मवर 'हो' लिहिलं, कारण ते खरं होतं.

काल बाईंचा फोन आला. आवाज चढवला नाही त्यांनी. यंदाच्या कापणीनंतर बीड नांगरायचं, असं गावाने ठरवलंय. वरचे लोक काय म्हणाले, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, टिपण दिलंय, ते ऐकत नाहीत.

बाबा, टिपण माझ्याच खणात आहे. ते फॉर्मला जोडलं असतं तर खरेदीच्या गावांची यादी अडली असती आणि मीटिंगमध्ये मला उभं राहून बोलावं लागलं असतं. हे पत्रही मी कुणाला दाखवणार नाही.