पिल्लूच्या खोलीची खिडकी

१ तारीख, सोमवार
आलो एकदाचा! घर झकास आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागे एक छोटी खोली. ती पिल्लूची. आजच तिला पिवळा रंग दिला, निम्मा माझ्याच केसांना लागला. उद्यापासून ड्रायव्हिंग स्कूलची नोकरी, गाडी शिकवायची.

पिल्लू, म्हणजे माझी लेक, आठ वर्षांची. सध्या माझ्या ताईकडे आहे. तिची आई गेल्यावर मी पोरीवर इतका ओरडायला लागलो की एकदा सांडलेल्या दुधावरून ती दोन दिवस बोललीच नाही. ताई तिला घेऊन गेली. राग आवरलास तर अठ्ठावीसला आणून सोडते, म्हणाली. पुन्हा एकदा जरी ओरडलास तर पोर कायमची माझ्याकडे. ताईचं काही चुकलं नाही.

४ तारीख, गुरुवार
एक निवृत्त मुख्याध्यापक शिकायला येतात. क्लच म्हटलं की ब्रेक दाबतात! चौथ्यांदा गाडी बंद पडली आणि माझं डोकं फिरलं. एवढा ओरडलो की रस्त्यावरची माणसं थांबून बघायला लागली. मालकांनी बोलावून सांगितलं, श्वासाच्या वर्गाला जा, नाहीतर नोकरी सोड. या वयात श्वास घ्यायला शिकायचं म्हणे! जन्मल्यापासून मी दुसरं काय करतोय?

६ तारीख, शनिवार
वर्गातल्या बाई इतक्या हळू बोलतात की माझा जीव जातो. पण पद्धत सोपी आहे. राग मनात आणायचा, त्याच्याकडे नुसतं बघायचं. चार आकडे श्वास आत, सहा आकडे बाहेर. श्वासाबरोबर रागही बाहेर पडतो. रोज सकाळी एकाच जागी बसायचं आणि खिडकी सताड उघडी ठेवायची. हे खिडकीचं त्यांनी तीनदा बजावलं. मी काय बहिरा आहे? पिल्लूची खोली रिकामीच आहे, तिथे बसेन.

९ तारीख, मंगळवार
समोर वेल्डिंगचं दुकान. मी डोळे मिटले रे मिटले की त्यांचं ग्राइंडर सुरू! राग जाणार कुठून, उलट नवा भरतोय. उठलो, खिडकी धाडकन लावली, कडी घातली. मग मस्त जमलं. मुख्याध्यापकांनी आज गाडी कुंपणाला घासली आणि मी चक्क हसलो.

१६ तारीख, मंगळवार
मालक खूश. ताई फोनवर म्हणाली, तुझा आवाजच वेगळा वाटतोय. पिल्लूने विचारलं, खोली खरंच पिवळी आहे का. हो म्हटलं. दार मात्र हल्ली जड लागतंय आणि काचा आतून धुरकटल्यात. नवा रंग असेल.

१९ तारीख, शुक्रवार
खालच्या काकू तक्रार घेऊन आल्या. मी म्हणे दुपारभर ओरडत असतो. अहो, दुपारभर मी गाडीत होतो! चार वेळा समजावलं, पण पटेल तर शपथ. एवढी मेहनत करून पुन्हा तोच ठपका. चिडायला हवं होतं. चिडताच येईना.

२३ तारीख, मंगळवार
जेवायच्या सुट्टीत घरी आलो. पिल्लूच्या खोलीत कुणीतरी श्वास घेत होतं. चार आत, सहा बाहेर. मग माझाच आवाज आला — किती वेळा सांगितलं तुला!

दाराला हात लावला. गरम होतं.

२४ तारीख, बुधवार
बाईंना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, खिडकी उघडी होती ना? हो म्हणालो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं. शेवटी खरं सांगितलं. आता खिडकी उघडून उपयोग नाही, म्हणाल्या. कोंडलेला राग ज्याचा त्यानेच परत आत घ्यायचा आणि मोकळ्या माळावर जाऊन सोडायचा. सोडताना समोर माणूस नको. पहिल्याच श्वासाला सगळं बाहेर येतं.

परत आत घ्यायचं? पोर चार दिवसांवर आली असताना? नाही घेणार. दाराला बाहेरून कडी घातली.

२७ तारीख, शनिवार
ताईला म्हटलं, उद्या येऊ नका. तुझी नेहमीचीच रड, म्हणाली. खरं सांगणार तरी कसं? पोरीने दप्तर भरून ठेवलंय. कपाळ माझं.

२८ तारीख, रविवार
सकाळपासून वही हातात. खोलीत आज आवाज नाही. का नाही?

गाडी आली —

*

ताई खाली सामान काढतेय. पिल्लू धावत वर. मला दिसायच्या आत कडी काढली. खोली बघायची होती तिला —

दार आपोआप लागलं. आत माझा आवाज. पोर रडत होती. बाहेर ये, ओरडायला गेलो — आवाजच नाही. सगळा तिकडे.

फटीला तोंड लावलं. एक दोन तीन चार. घेतला. सगळा.

दार उघडलं. पोर धड आहे. माझ्यासमोर उभी आहे. हलत नाही. मी नाक-तोंड दाबून धरलंय, म्हणून लिहितोय —

पिल्लू हे वाच. बाबा रागावला नाही. खाली आत्याकडे पळ. लगेच.

बोट ठेवून वाचतेय. एकेक अक्षर —

पटकन, बाळा — दम नाही उरला —

अगं वाच ना — पळ — किती वेळा सांगि