समोरची बाजू

प्रिय गोटू,

पुण्यात तुला या नावाने कोणी हाक मारत नाही, हे ठाऊक आहे. स्पर्धेच्या पडद्यावर तू ‘ब्लेझकिंग’ असतोस. पण घरच्या पत्रावर तसलं नाव घालायला माझा हात वळला नाही. मेसेज तू अर्धा वाचतोस आणि अंगठा दाखवून मोकळा होतोस, म्हणून कागद घेतला. शालिग्रामदादाचा ट्रक केळी घेऊन पुण्याला निघालाय, आईने त्याच्याकडे तुझ्यासाठी वेफर्सचा डबा दिलाय. त्याच पिशवीत हे पत्र आहे. वेफर्स आधी खाऊन घे. पत्र वाचल्यावर गोड लागतीलच याची खात्री नाही.

इकडे बहादरपुरात कापणी चालू आहे. अण्णा दिवसभर बागेत असतात. मी सकाळी शाहपूरच्या शाळेत शिकवते आणि दुपारी घडांच्या वजनाला उभी राहते. रविवारी इंदूरला तुझी स्पर्धा आहे आणि ती जिंकलास तर पुण्याची कंपनी तुला पगारी खेळाडू म्हणून ठेवून घेणार, हे आईने बुधवारा पेठेतल्या मामीपर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. मोबाइलमधले मॉन्स्टर लढवण्याचा पगार मिळतो, हे मामीला अजून पटलेलं नाही. तिने दोनदा विचारलं, की नोकरी नेमकी काय आहे.

तुझी ती मुलाखत आम्ही ओसरीवर बसून पाहिली. आईला त्यातलं काही कळत नव्हतं. तू पडद्यावर दिसतोयस, अंगावर नवा शर्ट आहे, एवढ्यानेच ती खूश होती. मुलाखत घेणाऱ्या मुलाने तुला विचारलं, की एवढा आक्रमक संघ बांधलास कसा, सराव कोणाबरोबर केलास. तू केस मागे सारलेस आणि म्हणालास, “अकेले ही, भैया. घर में किसी को ये सब समझता नहीं था.” मी उठून आत गेले आणि भाजी चिरायला घेतली. आईने मागून हाक मारली, की अगं, संपलं नाही अजून, बघ तरी. माझं बघून झालं होतं.

आठवतं का रे तुला काही? बागेतून आले की माझ्या हाताला केळीचा चीक असायचा, आणि तू म्हणायचास, ताई, आधी हात धू, मग फोनला हात लाव. फोन तरी कुठला, आईचा जुना, काच तडकलेला. नवा तुझ्याकडे असायचा, कारण तू ‘खरा’ खेळणार होतास. आपला सहा मॉन्स्टरांचा संघ आपण या ओसरीवर बांधला. तुला बचाव नकोच होता. जखमा भरणारा नको, मार झेलणारा नको, सहाच्या सहा तुटून पडणारे हवेत. मी म्हटलं, तसंच करायचं तर पहिला गडी मरायला तयार असलेला हवा. त्याने समोरच्याच्या पायाखाली काटे पसरावेत, जमेल तेवढं नुकसान करावं आणि पडावं, म्हणजे मागच्यांना मोकळं रान मिळेल. तसं साळिंदर शोधून काढलं ते मी. आपल्या गल्लीतली सोजरबाई दोन घरांत भांडण लावून देते आणि आपल्या घरी जाऊन दार लावते, म्हणून त्याचं नाव सोजरबाई ठेवलं. तू हसून हसून खाटेवरून पडलास.

मग तो अवजड भाईदास. एक खेळी नुसती तयारीत घालवायची, की पुढे त्याचा एकेक फटका दुप्पट बसायचा. आपले भाईदासकाका पंगतीत बसले की आधी बाह्या सरसावतात आणि मग कोणाला ऐकत नाहीत, ते नाव तू दिलंस. पुण्याला गेल्यावर सगळी नावं बदललीस. सोजरबाईचं काहीतरी ‘थॉर्न’ केलंस. ते मला नंतर तुझ्याच व्हिडिओत दिसलं.

संघ बांधला, पण तो तासायला समोर कोणीतरी लागतं. ते काम माझं. आज पाण्याचे मॉन्स्टर घे, आज उडणारे घे, आज त्या नागपूरच्या पोरासारखी खेळ. रोज कोणा परक्याचा संघ बांधायचा, त्याच्या डोक्याने विचार करायचा आणि तुझ्याकडून हरायचं. हरले की तू वहीत काही लिहायचास आणि म्हणायचास, चल, परत. माझा स्वतःचा असा संघ कधी झालाच नाही. मला त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. आपण दोघं मिळून काही करतोय, असं मी समजून चालले होते. मूर्ख होते.

एकदा मात्र मी जिंकत होते. भाईदास बाह्या सरसावून उभा राहिला आणि मी त्याला मारण्याऐवजी हाकलून दिलं. तो मागे गेला, त्याची सगळी तयारी वाया गेली, आणि त्याच्या जागी तुझा दुसराच गडी ओढला गेला. त्याला मी आरामात लोळवलं. तू फोन गादीवर आपटलास. म्हणालास, “असं कोणी खेळत नसतं ताई, तू बरोबर खेळ ना.” मी तुला समजावलं, की ही फट आहे, ती आताच बुजव. तू म्हणालास, माझ्यासमोर हाकलायला वेळ कोणाला मिळणार आहे. आणि ती चाल मला कायमची बंद केलीस. म्हणजे तुला सरावही तोच हवा होता, ज्यात तू जिंकतोस.

आता हे सगळं का लिहितेय, ते तू ओळखलंच असशील. परवा इंदूरच्या जोड्या लागल्या. पहिल्याच फेरीत तुझ्या नावासमोर ‘सोजरबाई’ आलं, आणि बहादरपूरबाहेर ते नाव कोणाला सुचणार नाही, हे तुला लगेच कळलं. ऑनलाइन फेऱ्या जिंकूनच मी इथवर आलेय, आईच्या त्याच तडकलेल्या फोनवर. तू मला फोन केला नाहीस. आईला केलास. काल ती माझ्याशेजारी येऊन बसली, माझ्या हाताचा चीक आपल्या पदराने पुसत राहिली, आणि म्हणाली, “तू काय करशीन बाई जितून? त्याचं तं करिअर हाये. नाव मागं घेऊन घे.” मला तिचा राग आला नाही. तिच्या तोंडी ते शब्द घालणाऱ्याचा आला, आणि तो अजून उतरलेला नाही. नाव मी मागे घेणार नाही. या वेळी माझा संघ माझा आहे, त्यात हाकलणारा आहे, आणि तो कोणासाठी ठेवलाय ते तू जाणतोस. रविवारपर्यंत तुझ्याकडे वेळ आहे. ती फट बुजवून ये, गोटू. नाहीतर तू म्हणशील, ताईला माहीत होतं म्हणून जिंकली. मला तुला तुझ्या पुऱ्या ताकदीनिशी हरवायचंय. आणि नंतर कोणी विचारलं, सराव कोणाबरोबर केलास, तर मी तुझं नाव सांगणार आहे.

तुझीच,
सोजरबाई