तीन इवल्या माळा

आईला, गुडघे टेकून नमस्कार.

इबादानमध्ये माझं छान चाललंय. जेवण वेळेवर होतं, काळजी करू नकोस.

शनिवारी सहजच दिसेल त्या बसमध्ये चढले आणि वाटलं तिथं उतरले. असं भटकण्यात मजा असते, अनोळखी माणसंही बोलावून पाणी देतात. एका म्हातारीनं पाणी दिलं आणि माझ्या गालावरच्या जन्मखुणेवरून बोट फिरवलं. म्हणाली, "मेलेल्या बाळाला हा डाग मीच दिला होता. परत आलीस तर ओळखू यावीस म्हणून."

मग तान्ह्या बाळाच्या कमरेला बांधतात तशा मण्यांच्या तीन माळा माझ्या हातात ठेवल्या. "तिन्ही तुझ्याच, तिन्ही खेपांच्या."

बाबांचा खोकला थांबला का?

आई, मी तुझं पहिलंच मूल ना? मग निघताना तुझं नाव घेऊन ती असं का म्हणाली, "तिला सांग, आता तरी रडू नको"?

तुझीच,
अबेनी