सहावी सीडी

प्रिय धम्मरत्न,

तू दिलेला सीड्यांचा खोका कुठे आहे, असं तू तीनदा विचारलंस. खोका घरीच आहे. पुठ्ठा जाड आहे आणि झाकण घट्ट बसतं म्हणून आई त्यात मेथीचं बी ठेवते. सहापैकी पाच सीड्या शेतात आहेत. नीट सांगते.

बुलडाण्याला कॉलेजच्या लायब्ररीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर आपण त्या ऐकायचो. एक इअरफोन तुझ्या कानात, एक माझ्या. शिपाई पंजाबरावांनी एकदा कान लावून ऐकलं आणि म्हणाले, "काय वं पोरी, हे गाणं हाय का थ्रेशर चालू हाय?" त्या रॉकला ग्रंज म्हणतात, म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा तू म्हणालास, मळ. त्या बँडचं नाव मला अजून नीट म्हणता येत नाही. पण खोक्यावर लिहिलेलं सिंगल म्हणजे एकेकटं निघालेलं गाणं, आणि वर्षानुवर्षं एकटी फिरलेली ती गाणी शेवटी एका खोक्यात येतात, हे मला फार आवडलं होतं. माणसांचंही तसं होत असेल, असं तेव्हा वाटायचं. सहावी सीडी आपण राखून ठेवली होती. तुला नोकरी लागली की ऐकायची.

नोकरी लागली. दसऱ्याला मी बाबांना तुझ्याबद्दल सांगितलं. पदवीच्या काळ्या गाऊनमधला माझा फोटो त्यांनी मोताळ्याच्या बाजारात अनोळखी माणसांनाही दाखवला होता. एवढ्या कौतुकाने शिकवलेल्या मुलीचं ते ऐकतील, असं मी धरून चालले. त्यांनी ऐकलंही. मग तुझं आडनाव विचारलं. मी सांगितलं. ते जेवले, हात धुतले आणि आईला म्हणाले, "हे गेली तं छकुलीचं नाव काढून टाकू कॉलेजातून. शिकवलं का असंच होते." आई म्हणाली, "एकीपायी दुसरीले काऊन?" ते उठून गेले. धाकटी छकुली अकरावीत आहे. ती ताटातली भाकरी कुस्करत बसली.

दोन दिवसांनी मी शेतात गेले. ज्वारीची कणसं भरली आहेत, चिमण्या उतरतात. आमच्याकडे जुन्या सीड्या दोरीला बांधतात. उन्हात चमकल्या की पाखरं येत नाहीत. बाबांनी आपल्या पाचही बांधल्या होत्या. त्यांनी रागाने केलं असतं तर मी भांडले असते. पण मला पाहून ते हसले. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. "चांगल्या चमकतात वं. कुठून आनल्या होत्या?" मी म्हटलं, कॉलेजात मिळाल्या.

तू पुण्याला जाताना म्हणाला होतास, लग्नाला हो असेल तर खोका घेऊन ये, नाही असेल तर परत पाठव. मी कारण विचारणार नाही, असंही म्हणालास. खोका आता परत पाठवण्यासारखा राहिला नाही. सहावी सीडी माझ्या पदवीच्या फाइलमध्ये होती म्हणून वाचली. तीच या पत्रासोबत पाठवते आहे. मी ती ऐकलेली नाही. परवा मी बाबांना शब्द दिला, आणि आज सकाळी छकुली मोताळ्याच्या बसने कॉलेजला गेली.

तुझीच, पण इथेच,
अर्पिता