डब्यावर नाव कुणाचं

शनि., ६ जून
गुरुवारच्या पानावर लिहिलंय, ‘आईनं चुकून गोळ्यांचे डबे बदलले.’ खोडते. आईनं काहीच बदललं नव्हतं. मार्करनं एका डब्यावर ‘आई’ आणि दुसऱ्यावर ‘बाबा’ मीच लिहिलं. ज्याच्या गोळ्या, त्याचं नाव. पण आमच्या घरात स्वतःची गोळी कुणी स्वतः घेतच नाही. बाबांना आई देते, आईला बाबा. मग देणारी ती, म्हणून ‘आई’ लिहिलेल्या डब्यातलं तिनं द्यायचं, असं तिला वाटलं! जोडाक्षरं अडतात तिला, पण ‘आई’ झटकन वाचते. कौतुकानं वाचलं आणि स्वतःची शुगरची गोळी बाबांच्या हातावर ठेवली. बाबांना शुगर नाही, बी.पी. आहे. मी समोर होते म्हणून वेळीच अडवलं...

१५ ला फुलंब्रीच्या शाळेत रुजू व्हायचंय. घरातली पहिली शिकलेली, पहिलीच नोकरी. सातची बस. म्हणजे सकाळी मी समोर नसणार. शाळेला नाही म्हणून कळवावं का?

रवि., ७ जून
मेडिकलवाल्या काकांकडे सगळं घेऊन गेले. डॉक्टरांच्या चिठ्ठीशी एकेक गोळी ताडून पाहिली. आईची थायरॉइडची बाटलीतच ठेवा, डब्यात नको, म्हणाले. घरी येऊन परत ताडून पाहिलं. मग आणखी एकदा. (माझं हे असंच.)
डब्यांचं मात्र सुचत नाही.

सोम., ८ जून
सुचलं आईलाच. “नाव नको, फोटू चिकटव. ज्याचं तोंड, त्याची गोळी.”
बाबांचा आधार कार्डावरचा काढला, तर आई म्हणाली, “ह्यो कोण चोर? ह्याला मी पाणीबी नाय देणार.” शेवटी लग्नातला लावला. “हां, ह्या मिशीवाल्याला रोज देईन.” बाबा उठून अंगणात गेले. लाजले!
आईचा फोटो सापडेना. बाबांनी गुपचूप पाकिटातून काढून दिला. दोन वेण्या, मान तिरकी. तो तिथं होता हे आईलाही ठाऊक नव्हतं. दिवसभर पदराआड हसत होती.

गुरु., ११ जून
रोज नीट चाललंय. बाबा डबा उघडण्याआधी फोटोला विचारतात, “काय राणीसाहेब, जेवलात का?” खरी राणीसाहेब चुलीशेजारून, “व्हय, जेवले, द्या आता.” शुगरची गोळी जेवणानंतर, ते असं पाठ झालंय. मी पाठ करून घेतलं होतं तेव्हा दोघंही जांभया देत होते.
तरी मी दाराआडून बघतेच.

शनि., १३ जून
काल मुद्दाम करमाडला मावशीकडे राहिले. परीक्षा त्यांची, घाम मला. मावशीनं माझा फोन धान्याच्या कोठीवर ठेवला, “तिकडं काय मेलं नाय कुणी” म्हणून.
आज आल्या आल्या डबे उघडले. आईच्या कालच्या दुपारच्या खणात गोळी तशीच!
बाबा शांत. “इसरलो मी. दिवे लागले तवा आठवलं. ही म्हणती, रातच्याला दोन द्या, हिशोब फिटंल.”
आई : “मग? वाया कशाला घालवायची?”
बाबा : “मी म्हनलं नाय. पोरीनं सांगितलंय, दुप्पट द्यायची नाय, आधी डॉक्टरला इचारायचं. लावला फोन. जयभीम म्हनलं, मी राणीसाहेबाचा नवरा बोलतोय—”
आई : “खरंच म्हनले गं! दवाखान्यात समदे हसले असतील.”
डॉक्टरांनी सांगितलं, ती सोडून द्या, रात्रीची रात्रीच्या वेळेला. तसंच केलं दोघांनी. राहिलेली गोळी मला दाखवायला ठेवली होती म्हणे.
मी इतके दिवस घाबरत होते ते हेच, की मी नसताना विसरतील. विसरले. आणि मी नसतानाच निस्तरलं. हसू आवरेना, रडूही येत होतं. आई म्हणाली, “येडी झाली का?”

रात्री साडीला इस्त्री केली. परवा दुपारच्या सुट्टीत एकदाच फोन करीन. एकदाच. (जमेल?)
सोमवार, १५ जून. सातची बस.